गाठोड्यात सापडलेली तीन लष्करी पदके: हा शिपाई नेमका कोण?

अडगळीतला

नमस्कार मंडळी. गावाकडच्या घराचे छप्पर उतरवायचे ठरले, म्हणून गेल्या महिन्यात माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या. त्यांतल्या एका पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली तीन पदके निघाली. पहिले ताऱ्याच्या आकाराचे आहे. त्यावर दोन तलवारी एकमेकींवरून गेलेल्या, वर मुकुट आणि मधल्या पट्टीवर १९१४-१५ असे आकडे आहेत. दुसरे गोल आणि चांदीचे असून एका बाजूला राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष आहे. तिसरे पितळेसारखे दिसते आणि त्यावर पंख पसरलेली एक स्त्री उभी आहे. फिती जवळजवळ विरून गेल्या आहेत. तिसऱ्या पदकाच्या कडीत इंद्रधनुष्यासारख्या रंगांचे चार-पाच धागे तेवढे अडकून राहिले आहेत.

आमच्या घरात चालत आलेली माहिती एवढीच की, पणजोबा 'जर्मनच्या लढाईत' गेले आणि बसऱ्याला वारले, आणि त्यांच्यामागे पणजी पेन्शन आणायला तालुक्याच्या गावी पायी जात असे. त्यांची पलटण कोणती, ते कुठे लढले, नेमके कधी वारले, यांतले काहीही सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही. आमचे गाव जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले आणि आडनाव जाधव. भाऊबंदकी मोठी असल्यामुळे पाळण्यातले नाव आणि गावाचे नाव इथे मुद्दाम देत नाही. चांदीच्या पदकाच्या कडेवर काही अक्षरे असावीत असे वाटते. थोडे रांगोळीने घासून पाहिले, पण नीट लागले नाही. सुरुवात कुठून करावी?

कडवाचक

सर्वांत आधी ती रांगोळी बाजूला ठेवा. विनोद म्हणून सांगत नाही. अशा पदकाची किंमत त्याच्या चांदीत नसते, ती कडेवरच्या ओळीत असते आणि ती ओळ जेमतेम केसाएवढी खोल उठवलेली असते. दर दिवाळीला पदके घासणाऱ्या घरांत राजाचा चेहरा लखलखतो आणि शिपायाचे नाव कायमचे जाते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता राग येण्याऐवजी वाईट वाटते.

तुमच्याकडे पहिल्या महायुद्धाचा नेहमीचा तिकडा आहे. पहिला १९१४-१५ चा तारा, दुसरे ब्रिटिश वॉर मेडल आणि तिसरे व्हिक्टरी मेडल. उघडा घोडेस्वार म्हणजे सेंट जॉर्ज आणि पंखवाली स्त्री म्हणजे विजयदेवता. तिच्या पाठीमागच्या बाजूला 'द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन १९१४-१९१९' हा मजकूर असेल. तारा आणि व्हिक्टरी मेडल कांस्याची असतात. वॉर मेडल लढणाऱ्या शिपायाला चांदीचे मिळत असे, तर मजूर, खेचरवाले यांसारख्या बिनलढाऊ मंडळींपैकी अनेकांना तेच पदक कांस्यात दिले गेले. कांस्याची अशी सुमारे १,१०,००० पदके निघाली. तुमचे चांदीचे आहे, म्हणजे ज्याला ते मिळाले तो पलटणीतला लढाऊ माणूस असण्याचीच शक्यता अधिक.

आता वाचन कसे करायचे ते सांगतो. ताऱ्यावरचे नाव कडेवर शोधू नका, ते मागच्या सपाट भागावर दोन-तीन ओळींत असते. गोल पदकांचे मात्र कडेवर असते आणि ते वाचताना पदक फिरवत जावे लागते. रात्री खोलीतला दिवा मालवून विजेरी पदकाला जवळजवळ आडवी टेकवून धरावी, म्हणजे उथळ अक्षरांतही सावली पडते. तेवढ्यानेही जमले नाही, तर पतंगाचा पातळ कागद कडेभोवती ताणून त्यावर मऊ पेन्सिलीचे टोक आडवे फिरवावे. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण अशा क्रमाने चार गोष्टी मिळायला हव्यात. तिन्ही पदके वेगवेगळी वाचा आणि अंदाजाने काही भरू नका. जे अक्षर दिसत नाही तिथे टिंब द्या.

निवृत्त_सुभेदार

पलटणीचा आकडा कळला की पुष्कळ काम होईल. १९०३ च्या पुनर्रचनेनंतर मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मध्ये त्या सर्व एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि त्यांतली ११४ वी ही प्रशिक्षणाची पलटण ठरली. त्यामुळे पदकावर 'मराठा लाइट इन्फन्ट्री' एवढेच वाचून भागत नाही, कारण सहाही पलटणींचा युद्धातला प्रवास निरनिराळा आहे. शिवाय जाधव आडनावाचा माणूस मराठा पलटणीतच असला पाहिजे असेही नाही. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण होती, आणि मुंबई इलाख्यातल्या इतर पलटणींतही आपली माणसे होती. घरच्या समजुतीवरून पलटण ठरवू नका, पदकावर काय आहे ते पाहा.

अडगळीतला

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे दोन रात्री बसून वाचन केले. पुतण्याने विजेरी धरली आणि मी भिंग.

ताऱ्याच्या मागे स्पष्ट आहे: क्रमांक (शेवटचे दोन आकडे ४७), 'सिपॉय', पुढे पूर्ण नाव आणि खाली '११०/महराट्टा एल. आय.' आडनावाचा शेवट 'व्ही'ने नसून 'ओ'ने केला आहे, म्हणजे 'जाधाओ' असे काहीतरी. व्हिक्टरी मेडलच्या कडेवर हेच सगळे आहे, क्रमांकही तोच. गोंधळ चांदीच्या पदकाचा आहे. त्यावरचे पाळण्यातले नाव पूर्ण झिजले आहे, आडनाव 'जाधाओ' लागते, पण क्रमांकाचा शेवट १२ आहे, हुद्द्याच्या जागी 'नाईक' असावे असे दिसते आणि पलटण '११४/महराट्टाज'. कागदावर ठसा घेतला, त्यातही ११४ च आले.

पणजोबांची बदली झाली असेल का? शिपायाचे नाईक झाले आणि पलटण बदलल्यावर क्रमांकही बदलला, असे घडत असे का? आणखी एक प्रश्न म्हणजे ताऱ्यावरचे पाळण्यातले नाव आमच्या पणजोबांचे नाही. घरात असे समजतात की पलटणीत नाव बदलून लिहिले असेल.

कडवाचक

वाचन उत्तम केले आहे आणि टिंबे प्रामाणिकपणे दिली आहेत, त्याबद्दल आधी आभार.

त्या काळी क्रमांक पलटणीपुरता असे. माणूस दुसऱ्या पलटणीत गेला की त्याला नवा क्रमांक मिळे. त्यामुळे बदलीची शंका चुकीची नाही, पण इथे ती बसत नाही. तारा आधीच्या पलटणीच्या नावाने आणि पुढची दोन पदके नंतरच्या पलटणीच्या नावाने, असे दिसले असते तर मी बदलीच म्हटली असती. वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल ही मात्र जोडी आहे. एका माणसाची ही दोन्ही पदके एकाच यादीवरून तयार होत, त्यामुळे त्यांवरचा मजकूर सारखा असतो. तुमच्याकडे तारा आणि व्हिक्टरी एकमेकांशी जुळतात आणि मधले चांदीचे पदक परके आहे. माझ्या मते हा तिकडा एका माणसाचा नाही. इथे दोन शिपाई आहेत: ११० व्या पलटणीतला एक आणि ११४ व्या पलटणीतला एक.

ताऱ्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. १९१४ चा वेगळा तारा फक्त फ्रान्स आणि बेल्जियमसाठी होता. इराकच्या आघाडीवर १९१४ च्या नोव्हेंबरात उतरलेल्या माणसालाही १९१४-१५ चाच तारा मिळाला, आणि १९१५ संपल्यानंतर जो आघाडीवर पोचला त्याला कोणताच तारा मिळाला नाही, फक्त ती जोडी. म्हणून ११४ व्या पलटणीतल्या माणसाचा तारा सापडत नाही, यात अजून तरी संशय घेण्यासारखे काही नाही.

शंकासुर

मी या विषयातला जाणकार नाही, परंतु वंशावळी तपासताना हात पोळून घेतलेला माणूस आहे, म्हणून एक साधा प्रश्न विचारतो. तुमचे आजोबा, म्हणजे या पणजोबांचे चिरंजीव, यांचा जन्म कधीचा? '११० वी पलटण' आणि 'बसऱ्याला वारले' या दोन गोष्टी खऱ्या असतील, तर ११० वी इराकमधल्या कुत या गावच्या वेढ्यात सापडलेली होती आणि तिथले बहुतेक मृत्यू १९१५-१६ च्या आसपासचे असणार.

दुसरे असे की, पदकावरचे नाव घरच्या नावाशी जुळत नाही तेव्हा 'पलटणीत नाव बदलले असेल' हे उत्तर घाईने स्वीकारू नये. नावाचे स्पेलिंग हवे तसे लिहिले जाई हे खरे. शिंदेचे 'सिंडे', कदमचे 'कुड्डुम' आणि पवारचे 'पोवार' सर्रास सापडतात. परंतु स्पेलिंग विचित्र असणे वेगळे आणि माणूसच वेगळा असणे वेगळे.

अडगळीतला

शंकासुर, तुमचा प्रश्न वाचला आणि उठून कपाटातून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. त्यावर जन्मतारीख १ जून १९२१ आहे. पूर्वी मास्तर सगळ्याच मुलांना १ जून घालत, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे दिवस आणि महिना सोडून देतो. वर्षही एक-दोनाने इकडेतिकडे असेल. पण पाच वर्षांनी नक्कीच चुकणार नाही, कारण आजोबांच्या बरोबरीची माणसे मी स्वतः पाहिली आहेत. म्हणजे पणजोबा १९१६ मध्ये वारले असणे शक्यच नाही. आम्ही चार पिढ्या हे बोलत आलो आणि एकानेही हा हिशेब केला नाही, याची आता लाज वाटते.

दप्तरखाना

लाज वाटून घेऊ नका, असे हिशेब घरच्या माणसांना सुचतच नाहीत. आता शोध कुठे घ्यायचा ते सांगतो, थोडे लांबेल.

पुष्कळ लोक प्रथम लंडनकडे वळतात. क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पदकांची निर्देशपत्रे आहेत, पण ती प्रामुख्याने ब्रिटिश सैन्याची. हिंदी सैन्यातल्या साध्या शिपायाचे पत्र तिथे मिळेल ही आशा जवळजवळ सोडून द्यावी. '१९४० च्या बॉम्बवर्षावात कागद जळाले' असे जे ऐकू येते, तेही ब्रिटिश सैनिकांच्या सेवापुस्तकांबद्दल आहे, आपल्या शिपायांची सेवापुस्तके तिथे नव्हतीच. क्यूला आपल्या उपयोगाची गोष्ट म्हणजे पलटणींच्या युद्धदैनंदिन्या, पण त्यांत शिपायाचे नाव क्वचितच येते. पंजाबच्या गावांच्या भरतीनोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात होत्या आणि २०२१ मध्ये त्यांतल्या काही जिल्ह्यांच्या नोंदी संगणकावर आल्या. आपल्याकडच्या जिल्ह्यांसाठी मात्र तेवढी सोय झालेली नाही.

माणूस युद्धात मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरची शोधपेटी हा राजमार्ग आहे, आणि ती विनामूल्य आहे. तिथे नाव टाकून शोधण्याची चूक करू नका, स्पेलिंगमध्ये अडकाल. नावाचा रकाना मोकळा ठेवा, रेजिमेंटच्या जागी ११० वी मराठा घाला, क्रमांक माहीत असेल तर तो घाला, आणि येणारी संपूर्ण यादी उतरवून घेऊन शांतपणे चाळा. हिंदी शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा 'अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा' एवढा तपशील असतो, आणि आपल्यासाठी सोन्याची ओळ तीच. जिल्हा वाचताना जुना नकाशा डोळ्यांपुढे ठेवावा: कुलाबा म्हणजे आजचा रायगड, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, आणि खेड वाचले की पुण्याचे की रत्नागिरीचे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. सावंतवाडी, भोर, कोल्हापूर अशा संस्थानांची नावेही जिल्ह्याच्या जागी येतात.

माणूस परत आला असेल तर त्याचे नाव या यादीत असणार नाही, आणि खरी मेहनत तिथेच सुरू होते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला साधे, मुद्देसूद पत्र लिहा. त्यात क्रमांक, नाव, पलटण आणि पदकांची छायाचित्रे द्या, घरची कहाणी एका परिच्छेदापेक्षा जास्त नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारावे, मात्र इतक्या जुन्या नोंदी मिळतीलच असे गृहीत धरू नये. माझा अनुभव असा आहे की, लष्कराच्या दप्तरापेक्षा महसुलाचे दप्तर अधिक बोलते. तुमच्या गावच्या जमिनीचे जुने फेरफार काढा. खातेदार मेला की वारसनोंद करावीच लागते, आणि तलाठ्याने लिहिलेल्या त्या दोन ओळींत मृत्यूचे कारण, विधवेचे नाव, भावाचे नाव असे पुष्कळ काही येते. शिपायाला जंगी इनाम, म्हणजे लढाईतल्या नोकरीबद्दलचे इनाम, मिळाले असेल तर तेही कागदावर उतरलेले असते. कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर आणि त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी, ही तीन ठिकाणेही सोडू नयेत.

सातासमुद्रापार

मला एक सावधगिरीची सूचना करायची आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या आजोबांच्या वडिलांचा शोध घेण्यासाठी मी परदेशातल्या एका खासगी शोधकाला पैसे दिले होते. त्याने सुबक बांधणीचा अहवाल पाठवला, ज्यात पलटण बरोबर होती, आडनाव बरोबर होते आणि माणूस मात्र भलताच होता. आमचा क्रमांक मी त्याला कळवलेला होता, तरी तो त्याने तपासला नव्हता. एका पलटणीत एकाच नावाचे पाच-सहा जण सहज असत. त्यामुळे क्रमांक जुळल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नका.

अडगळीतला

उशीर झाला, पण हाती काही आले आहे, ते क्रमाने सांगतो.

दप्तरखाना यांनी सांगितल्याप्रमाणे नाव न घालता शोध घेतला. ११० व्या पलटणीच्या यादीत जाधव वेगवेगळ्या चार स्पेलिंगांनी होते. त्यांतल्या एका नोंदीचा क्रमांक आमच्या ताऱ्यावरच्या क्रमांकाशी आकड्यान् आकडा जुळला. गाव आमचे, तालुका आमचा आणि वडिलांचे नाव माझ्या खापरपणजोबांचे. नोंद बसऱ्याच्या स्मारकाची आहे आणि मृत्यूची तारीख कुत पडल्यानंतर साडेतीन महिन्यांची आहे.

त्यानंतर तालुक्याला तीन खेपा घातल्या. दुसऱ्या खेपेला अभिलेख कक्षातल्या एका कर्मचाऱ्याने मोडीतला फेरफार काढून दिला आणि तो वाचण्यासाठी ओळखीच्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांची मदत घेतली. मजकुराचा सारांश असा: खातेदार 'लढाईवर मयत', मूल नाही, वारस त्याची विधवा, आणि धाकटा भाऊ 'पलटणीत नोकरीस, हल्ली रजेवर हजर'. धाकट्या भावाचे नाव आमच्या पणजोबांचे आहे.

म्हणजे बसऱ्याला वारले ते पणजोबांचे थोरले बंधू. पेन्शन आणायला पायी जाणारी ती थोरली जाऊबाई, जिला आजोबा 'आई' म्हणत आणि आम्ही सगळे त्यामुळे पणजी समजत आलो. पणजोबा स्वतः लढाईहून परत आले होते.

शंकासुर

क्रमांक, गाव आणि वडिलांचे नाव असे तीन धागे एकाच ठिकाणी येतात, तेव्हा थोरल्या बंधूंबद्दल मी शंका मागे घेतो. पण चांदीचे पदक पणजोबांचेच, हे अजून सिद्ध झालेले नाही. फेरफारात 'पलटणीत' आहे, '११४ व्या पलटणीत' असे नाही. त्या पदकावर पाळण्यातले नाव उरलेले नाही, आणि जाधव आडनावाचा नाईक तुमच्या गावाबाहेरही असू शकतो. शिवाय थोरल्यांचे चांदीचे पदक कुठे गेले, याचेही उत्तर हवे.

निवृत्त_सुभेदार

थोरल्यांची तारीख पाहिली, म्हणून ११० व्या पलटणीबद्दल चार ओळी लिहितो, कारण तारखेमागे काय होते हे तुमच्या घरच्यांना ठाऊक असावे.

ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनच्या अठराव्या ब्रिगेडमध्ये होती. याच डिव्हिजनमध्ये १०३ आणि ११७ याही मराठा पलटणी होत्या, त्यामुळे कुतच्या वेढ्यात आपल्या तीन पलटणी एकदम सापडल्या. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईनंतर फौज मागे हटली, ७ डिसेंबर १९१५ ला कुतला वेढा पडला आणि १४४ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३,००० माणसे शरण गेली. शेवटच्या महिन्यांत धान्य इतके घटले होते की घोडे मारून खाण्याची वेळ आली. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले आणि स्कर्व्हीने, म्हणजे जीवनसत्त्वाच्या अभावाने हिरड्यांतून रक्त येणाऱ्या रोगाने, त्यांचे हाल झाले. अशा शरीरांनी ती माणसे ऐन उन्हाळ्यात बगदादवरून उत्तरेकडे चालवत नेली गेली आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना आजच्या सीरियाच्या उत्तर सीमेवरच्या रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर लावण्यात आले. शरणागतीनंतर साडेतीन महिन्यांनी, म्हणजे ऑगस्टात, आलेला मृत्यू हा गोळीचा नसून उपासमारीचा, आमांशाचा किंवा तापाचा असण्याचाच संभव मोठा. घरात 'बसऱ्याला वारले' असे म्हणत, पण त्यांचा देह बसऱ्यापासून फार दूर पडला असावा. बसरा हे गाव तेवढे इथल्या लोकांच्या कानावर होते.

स्मारकाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. बसऱ्याचे स्मारक १९२९ मध्ये उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, परंतु हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या दिली आणि नावे नोंदवहीत ठेवली. १९९७ मध्ये ते स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटर दूर नेले. मेलेल्यांच्या बाबतीतली ही असमान वागणूक कमिशनने २०२१ च्या आपल्या अहवालात स्वतः मान्य केली. तुमच्या थोरल्या पणजोबांचे नाव धातूवर कुठे उठवलेले असेल तर ते तुमच्या हातातल्या ताऱ्यावर आणि व्हिक्टरी मेडलवर, हे मनात ठेवून ती दोन्ही जपा.

११४ वी पलटण कुतमध्ये नव्हती. ती मेसोपोटेमियातल्या, म्हणजे इराकमधल्या, नंतरच्या मोहिमेत होती आणि १९१८ च्या ऑक्टोबरातल्या शर्कातच्या लढाईत तिने मोठे काम केले.

कडवाचक

थोरल्यांच्या चांदीच्या पदकाबद्दल शंकासुर यांना उत्तर: तिन्हींपैकी विकले जाते ते नेहमी चांदीचेच. विधवेच्या घरात अडीअडचणीला तेवढीच एक वस्तू सोनाराकडे नेण्यासारखी होती. कांस्याच्या ताऱ्याला सोनार काय देणार? १९८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हाही अशी असंख्य पदके मुशीत गेली. माझा अंदाज असा की थोरल्यांचे वॉर मेडल कधीच वितळले आणि पुढे कोणीतरी 'तीन असायला हवीत' म्हणून धाकट्यांचे त्याच फडक्यात बांधले. अंदाज खरा असेल तर धाकट्यांचे व्हिक्टरी मेडल कुठेतरी एकटे पडलेले असणार. त्यावर ११४ आणि क्रमांकाचा शेवट १२ असेल. पणजोबांच्या मुलींकडे, पुतणींकडे विचारा. पदके वाटणीत लेकींकडे गेलेली मी पाहिली आहेत.

अडगळीतला

कडवाचक, तुमचा अंदाज मी रविवारी खरा होताना पाहिला.

पणजोबांच्या धाकट्या मुलाची लेक, माझ्या वडिलांची चुलत बहीण, आज ब्याऐंशी वर्षांची आहे आणि खाडीपलीकडच्या गावी राहते. आम्ही तिला माई आत्या म्हणतो. मी व्हिक्टरी मेडलचे छायाचित्र दाखवून विचारले, "आत्या, असा बिल्ला तुझ्याकडे कधी होता का?" तिने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "हा बिल्ला कसला रे, ही आमची देवी आहे."

देव्हाऱ्यात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्यामध्ये, तांदळाच्या लहानशा राशीवर ते पदक उभे टेकवून ठेवलेले होते. पंखांची ती बाई हळदकुंकवाच्या थराखाली इतकी बुजली होती की तिचा पुढे केलेला डावा हात तेवढा ओळखू येत होता. वरची कडी कोणीतरी तोडून घासून टाकली होती. आत्याच्या आईने, म्हणजे पणजोबांच्या सुनेने, ते सासऱ्यांकडून मागून घेतले आणि लेकीच्या लग्नात तिच्या देवांबरोबर दिले. पंख आहेत म्हणजे आकाशातली देवता, एवढेच तिला ठाऊक होते. गेली साठ वर्षे आत्या तिला रोज फूल वाहते आहे.

कुंकू धुवायला आत्याने साफ नकार दिला. मीही आग्रह केला नाही. पुष्कळ मनधरणी केल्यावर तिने आंघोळ करून येण्याच्या अटीवर देवी हातात घेऊ दिली आणि ओल्या बोटाने फक्त कड पुसण्याची परवानगी दिली. पुतण्याने विजेरी आडवी धरली. हे पदक कधीच कोणी घासले नव्हते, त्यामुळे कडेवरचे एकही अक्षर झिजलेले नाही: क्रमांक, शेवटी १२, नाईक, मग पणजोबांचे पाळण्यातले नाव, संपूर्ण, आमच्या घरी म्हणतात तसेच, जाधाओ, ११४/महराट्टाज.

मी ते मोठ्याने वाचले तेव्हा आत्याने तिचे आजोबा कोणत्या हुद्द्यावर होते ते पुन्हा एकदा विचारले, आणि मग देवी माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवली.

शंकासुर

आता माझी काही शंका नाही. दोन्ही क्रमांक, दोन्ही पलटणी आणि तिन्ही पदके कोणत्या घरात आहेत, हे एका कागदावर लिहून फडक्यात घालून ठेवा. चौथे आत्यांकडे आहे, हेही लिहा.